देखरेख दूरवरून असली तरी माणूस जागेवर हवा

भिवंडीचा व्यापार आता एका गाळ्यात मावत नाही. कारखाना एकीकडे, सायझिंग दुसरीकडे, गोडाऊन राहनाळ-वळ भागात आणि पेढी मुंबईत, अशी आपल्यापैकी अनेकांची मांडणी आहे. प्रत्येक ठिकाणी संगणक आहे. 2017 साली जीएसटी आला, 2018 पासून ई-वे बिल सुरू झाले. तेव्हापासून संगणक बंद पडला की परगावी जाणारा ट्रक दारातच उभा राहतो.

म्हणूनच या सर्व जागांच्या संगणकांवर एकाच ठिकाणाहून देखरेख ठेवणाऱ्या कंपन्या आपल्या दारी येऊ लागल्या आहेत. दरमहा ठरावीक रक्कम द्या आणि निश्चिंत राहा, असे त्या सांगतात. सोय चांगली आहे, मी स्वतः घेतली आहे. परंतु ती घेताना बहुतेक मालक पहिली कात्री लावतात ती गोडाऊनवर संगणक सांभाळणाऱ्या मुलाच्या पगाराला. ही चूक मीही केली, म्हणून हे लिहीत आहे.

ही व्यवस्था चालते कशी, ते आधी पाहू. प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. डिस्कवर जागा किती उरली, बॅकअप झाला की नाही, यूपीएसची बॅटरी किती आहे, ही खबर तो दर काही मिनिटांनी कंपनीच्या मुख्य ठिकाणी पाठवतो. खबर आली नाही तर तेथील पडद्यावर त्या जागेचे नाव लाल होते. पण लाल रंगाचा अर्थ एवढाच की खबर येत नाही. वीज गेली, इंटरनेटची तार तुटली, पाणी शिरले की कोणी यंत्रच उचलून नेले, हे पडदा पाहणाऱ्याला कळत नाही. ते कळण्यासाठी कोणीतरी कुलूप उघडून आत जावे लागते.

माझ्याकडे नेमके हेच घडले. पावसाळ्यात एका शनिवारी रात्री गोडाऊनमध्ये पाणी आले. कंपनीचा पहिला संदेश रात्री दोन वाजता आला, दुसरा पहाटे सहाला. दोन्ही ई-मेल आमच्या हिशेबनिसाच्या नावावर होते आणि रविवारी तो गावी होता. सोमवारी गोडाऊन उघडले तेव्हा जमिनीवर ठेवलेला संगणक पाण्यात होता आणि बॅकअपची डिस्क त्यालाच जोडलेली होती. अकरा दिवसांच्या आवक-जावक नोंदी आम्ही चलनांवरून पुन्हा लिहून काढल्या. कोणत्या पार्टीचे किती ताके आले, यावरून दोन जुन्या व्यवहारांत कटुता आली. कंपनीला जाब विचारला तर उत्तर मिळाले, "आम्ही कळवले होते." ते खोटे नव्हते.

ज्या मुलाला मी काढले होते, तो पावसाळा सुरू होताच संगणक टेबलावर चढवीत असे आणि दर शनिवारी डिस्क काढून कपाटात ठेवीत असे. हे काम कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. त्याला मी परत बोलावले, पगारही वाढवला.

मोठ्यांचीही गत वेगळी नाही. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे बंद पाडले. आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. सर्व जागा एकमेकींना जोडलेल्या असल्याने रोग सर्वत्र पसरला. आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयाची वीज त्या वेळी गेलेली होती, म्हणून तेथील एक महत्त्वाची प्रत वाचली. ती डिस्क शेवटी माणसांनी विमानाने इंग्लंडला पोहोचवली.

19 जुलै 2024 रोजी तर देखरेख करणारे सॉफ्टवेअरच बिघडले. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पडलेले बहुतेक संगणक दूरवरून सुरू होईनात. माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जावे लागले.

याउलट विजेचा कारभार पाहा. राज्याच्या वीजजाळ्यावर ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून रात्रंदिवस नजर असते. म्हणून आपल्या तालुक्यातील पडघ्याच्या उपकेंद्रातील माणसे कोणी घरी पाठवत नाही. पाहणारा तेथे, हात लावणारा येथे, आणि दोघांत थेट बोलणे.

व्यापारी बंधूंनी करार करताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, बिघाड झाल्यास ई-मेलवर न थांबता फोन करावा आणि एकाने उचलला नाही तर पुढच्याला, अशी तीन नावे द्यावीत. दोन, त्यांतील एकाकडे गोडाऊनची किल्ली आणि मालकाला न विचारता यंत्र बंद करण्याचा अधिकार असावा. तीन, बॅकअपची एक प्रत यंत्रापासून सोडवून दुसऱ्या इमारतीत ठेवावी. चार, सायबर हल्ला झाल्यास 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला सहा तासांत कळवण्याचा आदेश 2022 सालापासून आहे. ते कोण कळवणार, हे आधीच ठरवावे. शिवाय सुट्टीच्या दिवशी स्वतःच एखादी वायर काढून पाहावी आणि फोन किती वेळाने येतो ते मोजावे.

स्वतंत्र माणूस परवडत नाही, असे लहान कारखानदार म्हणतील. ते खरे आहे. पण एका कंपाऊंडमधील आठ-दहा मालकांनी मिळून एक शिकलेला मुलगा ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे येते. डिप्लोमा घेऊन घरी बसलेली मुले आपल्याच मोहल्ल्यात आहेत. गोडाऊनमधील निम्मा माल परक्याची अमानत असतो, आणि त्या अमानतीचा हिशेब आता या यंत्रांत आहे. तो बुडाला तर जाब मालकालाच द्यावा लागतो, देखरेख करणाऱ्या कंपनीला नव्हे.