दोन पात्या, दोन गार्ड

देवासला कॉलेजचा बास्केटबॉल सामना बघायला बसलं की निम्मा खेळ प्रेक्षकांतच चालतो. परवा वाद पेटला तो गार्डांवरून. धारहून आलेले एक काका म्हणाले, ‘चेंडू एकाच्याच हाती हवा.’ म्हणणारच, धारला पवारांची गादी एकच! देवासला मात्र तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांपासून थोरली पाती नि धाकटी पाती, एका गावात दोन राज्यं, तीही थेट १९४८ पर्यंत. त्यामुळे पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड हा दुहेरी कारभार आम्हाला सहज पटतो. आमच्या पोरांकडे उंची आहे, नेम आहे, दमही आहे. पण ८ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपार न्यायचा आणि २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे टाकायचा, हे भान असलेला गडी एकच. तोही अंगावर कुणी आलं की डावा हात विसरतो. दुसऱ्याला नुसती ड्रिबलची हौस. पहिल्याचा पाचवा फाउल झाला, तो बाहेर बसला आणि चेंडू पुढे आणायला कुणी उरलंच नाही. सामना तिथेच गेला. काका, गादी एक असो की दोन, बाकावर वारस हवा. आमच्याकडे तो नाही.