परदेशी निघालात? औषधांची पिशवी स्वतः भरा



२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली आणि कळंबोलीत प्रवासाच्या गप्पा वाढल्या. पण इथली माणसं परदेशी जातात ती काही विमानतळ झाला म्हणून नाही. कुणाची मुलगी दुबईला, कुणाचा मुलगा न्यू जर्सीला. सुनेचं बाळंतपण, नातवाची मुंज, नाहीतर निवृत्तीचे पैसे आल्यावर क्रूझची हौस. त्यामुळे दर आठवड्याला दवाखान्यात कुणीतरी येऊन म्हणतं, "डॉक्टर, सहा महिन्यांसाठी चाललोय, गोळ्या लिहून द्या."

मी लिहून देतो. पण गेल्या काही वर्षांत माझं एक ठाम मत झालं आहे. आपण लोणचं, मेतकूट आणि चकली भरायला आठ दिवस घालवतो आणि औषधं मात्र निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी दुसराच भरून देतो. ज्याची औषधं, त्यालाच ती कोणती आहेत ते माहीत नसतं. ही सवय बदलायला हवी. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

एका काकांची गोष्ट

आपल्या भागातले एक काका. स्टील मार्केटमध्ये हिशेबाचं काम करून निवृत्त झालेले, मधुमेह जुना. सकाळी १६ युनिट आणि रात्री थोडं कमी इन्सुलिन, बाटलीतून सिरिंजने घ्यायचे. मुलाकडे अमेरिकेला गेले. जाताना बाटल्या, सिरिंजचं पाकीट, चिठ्ठी, सगळं बरोबर. तिसऱ्या आठवड्यात हातातली बाटली बाथरूमच्या फरशीवर पडून फुटली. दुसरी बाटली प्रवासातच गरम होऊन खराब झालेली. मुलाने धावपळ करून तिथल्या दुकानातून त्याच प्रकारचं इन्सुलिन आणलं. काकांनी भारतातून नेलेल्या सिरिंजमध्ये नेहमीप्रमाणे १६ च्या खुणेपर्यंत भरलं आणि टोचलं.

तासा-दीड तासात काका घामाने निथळले, असंबद्ध बोलू लागले. सुनेने प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, म्हणून निभावलं.

झालं काय? आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपणाची. अमेरिकेत बाटलीतलं इन्सुलिन यू-१०० मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. यू-४० च्या सिरिंजवर १६ ची खूण म्हणजे ०.४ मिलि. त्यात यू-१०० इन्सुलिन भरलं की होतात ४० युनिट. काकांनी १६ समजून ४० युनिट टोचून घेतले. थेट अडीचपट!

उलटंही होतं. आपली यू-४० ची बाटली आणि तिकडची नारिंगी टोपणाची यू-१०० सिरिंज अशी जोडी जमली, तर १६ च्या खुणेला जेमतेम साडेसहा युनिट जातात. साखर वाढत राहते आणि कारण कळत नाही.

यात मुलाची चूक नाही, काकांचीही नाही. चूक माझी. मी सहा महिन्यांचं इन्सुलिन लिहून दिलं, पण ही एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हापासून बाटलीवाल्या प्रत्येक पेशंटला मी सांगतो: बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. बाटली जिथली घ्याल, सिरिंजही तिथलीच घ्या. शक्य असेल तर प्रवासापुरतं पेन वापरा. मात्र तो बदल निघायच्या महिनाभर आधी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.

गोळीचं नाव पाठ करा, रंग नको

"सकाळची पांढरी, दुपारची गुलाबी आणि रात्रीची अर्धी." मला हे रोज ऐकू येतं. कळंबोलीत हे चालून जातं, कारण केमिस्ट तुम्हाला ओळखतो. तिकडे पांढरी गोळी मागून कुणी काही देणार नाही.

ब्रँडचं नावही तिकडे उपयोगाचं नाही. आपला ब्रँड तिथे नसतो, किंवा त्याच नावाने भलतंच औषध विकलं जातं. म्हणून औषधाचं मूळ नाव माहीत हवं: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲटोर्वास्टॅटिन, थायरॉक्सिन. मूळ नावातही थोडे फरक आहेत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन असतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. आपलं ३०/७० इन्सुलिन तिथे ७०/३० म्हणून मिळतं. औषध तेच, नाव वेगळं.

इथे आम्हा डॉक्टरांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे. किती जण पाळतात ते तुम्ही रोज बघता. त्यामुळे संकोच न करता मागा. टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं, इंग्रजीतलं पत्र: आजार, औषधाचं मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, ॲलर्जी. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. यासाठी डॉक्टरांची दहा मिनिटं जातात, आणि तो तुमचा हक्क आहे.

केमिस्टकडेही हट्ट धरा. चार-चार गोळ्या कापून दिलेल्या पट्ट्या नेऊ नका. कापलेल्या पट्टीवर ना नाव राहतं, ना मुदतीची तारीख. अख्खी पट्टी आणि पक्कं बिल घ्या. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेला डबा चांगलाच, पण तो तिथे पोचल्यावर भरा. विमानतळावर गोळ्या मूळ पाकिटातच असू द्यात.

आपल्याकडे साधी, तिकडे गुन्हा

हा भाग कृपया घाई न करता वाचा.

कंबरदुखीसाठी दिलेली ट्रामाडॉल असलेली गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी अल्प्राझोलाम, मधुमेहात पायांची आग होते म्हणून प्रीगॅबालिन. आपल्या घरांत ही औषधं सर्रास सापडतात. पण संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं नियंत्रित यादीत आहेत. तिथल्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी परवानगी घ्यावी लागते. सिंगापूरलाही कोडीन आणि झोपेच्या गोळ्यांसाठी परवानगीचे नियम आहेत. जपानमध्ये तर नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्याही नेता येत नाहीत. आपल्याकडेही ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं आहे.

मी घाबरवायला सांगत नाही. २०१७ मध्ये एका ब्रिटिश महिलेला ट्रामाडॉलच्या सुमारे २९० गोळ्या नेल्याबद्दल इजिप्तमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली होती. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी नेल्या, असं तिचं म्हणणं होतं.

आणि दुसऱ्यांची पाकिटं? "आमच्या पुतण्यासाठी एवढ्या गोळ्या न्याल का?" असं विचारलं की आपल्याला नाही म्हणवत नाही. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. नात्यातल्याच व्यक्तीने दिलेल्या पाकिटात चार किलोहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांची मुलगी तुरुंगात जन्मली आणि निर्दोष ठरून परत यायला २०२१ उजाडलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या नावाची एक पट्टीही नेऊ नका. नातं बिघडलं तरी चालेल.

जाता जाता फराळाचंही सांगतो. खसखस अफूच्या बोंडातलीच असते आणि आखातात ती न्यायला मनाई आहे. दुबईच्या लेकीसाठी अनारसे किंवा डिंकाचे लाडू करणार असाल, तर खसखस वगळा.

व्हिटॅमिनची पिशवी घरीच ठेवा

औषधांची पिशवी उघडली की निम्मी भरते ती 'ताकदीच्या' गोळ्यांनी. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ओमेगा, केसांसाठी वेगळी, गुडघ्यांसाठी वेगळी. ज्याची कमतरता रक्ततपासणीत दिसली आहे तेवढंच न्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना किंवा पूर्ण शाकाहारी माणसांना बी-१२ लागू शकतं, ते जरूर न्या. बाकीच्यांची कामं पोळी-भाजी, वरण-भात, दही आणि फळं करतात, आणि ती तिकडेही मिळतात.

व्हिटॅमिन डीबद्दल सावध राहा. आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही ठराविक आठवडेच. घरापासून लांब, दिनक्रम विस्कटलेला असताना ती रोज घेतली जाण्याची चूक होते. पुडीवर पेनाने वार लिहून ठेवा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, मग तुम्ही पनवेलला असा की पॅरिसला.

आयुर्वेदिक औषधं नेणार असाल, तर कंपनीचं लेबल आणि घटकांची यादी असलेलीच न्या. कागदात बांधलेल्या पुड्या आणि भस्मं नकोत. कोणत्याही औषधात 'विजया' लिहिलेलं दिसलं तर ते घरीच ठेवा. विजया म्हणजे भांग.

किती न्यायचं, कुठे ठेवायचं

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांची औषधं नेता येतात. दुबईलाही साध्या औषधांसाठी तीन महिन्यांची मर्यादा धरून चाला. जपानला चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरती. सहा महिने राहणार असाल, तर पुढच्या तीन महिन्यांची सोय निघण्याआधीच ठरवा: तिथल्या डॉक्टरांना दाखवणं, की कागदपत्रांसह इथून पाठवणं. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढल्यावर त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघायला मुलांना सांगा. मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची औषधं जवळ असू द्यात.

रोजची औषधं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग हरवली तर साडी उसनी मिळते, बीपीची गोळी नाही. इन्सुलिन तर कधीच मोठ्या बॅगेत टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच. थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटून नको. वापरातली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं. १०० मिलिच्या द्रव पदार्थांच्या नियमातून औषधांना सवलत असते, मात्र चिठ्ठी दाखवता यायला हवी.

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आहे. दिवसातून एकदाच्या बहुतेक गोळ्या तिथल्या सकाळी सुरू केल्या तरी चालतात. पण इन्सुलिन, रक्त पातळ करणारी आणि फिटची औषधं यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

क्रूझवाल्यांसाठी एवढंच: समुद्रावर केमिस्टचं दुकान नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल मोठं येतं. म्हणून प्रवास विमा घ्या आणि फॉर्मवर जुने आजार लपवू नका. बोट लागते म्हणून घेतात त्या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्यांनी त्या न विचारता घेऊ नयेत.

निघण्याआधी एक परीक्षा

प्रवासाच्या महिनाभर आधी, जेवणं झाल्यावर सगळी औषधं टेबलावर मांडा. मुलाला बाजूला बसवा, पण बोलायचं तुम्ही. प्रत्येक पट्टी उचला आणि सांगा: नाव काय, कशासाठी, कधी, चुकली तर काय करायचं. जिथे अडखळाल तिथे खूण करा आणि ती पट्टी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. पत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत पासपोर्टसोबत.

ते काका आता बरे आहेत. मागच्या खेपेला पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले आणि खिशातून कागद काढून सगळी औषधं मला वाचून दाखवली. शेवटी म्हणाले, "आणि डॉक्टर, बाटली तिथली तर सिरिंजही तिथली." तुमच्याकडूनही मला हेच ऐकायचं आहे.

काळजी घ्या. प्रवास सुखाचा होवो.