दोन इंचांची हौस

गृहनिर्माण संस्थांच्या आवारात रविवारी सकाळी अलीकडे एक दृश्य पाहावयास मिळते. मोटार जॅकवर चढवलेली असते, काढलेले चाक फरशीवर आडवे पडलेले असते आणि बादलीला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर कोणी सफाईदार कारागीर तेच काम अवघ्या दहा मिनिटांत करून दाखवीत असतो. मोटारमालक तरुण खोक्यातून ॲल्युमिनियमची एक जाड, चकचकीत चकती बाहेर काढतो, ती हबवर ठेवतो आणि तिच्यावर पुन्हा चाक चढवतो. या चकतीला व्हील स्पेसर म्हणतात. तिचे काम एवढेच, की चाक तिच्या जाडीइतके बाहेर सरकावे. चकती २५ मिलिमीटरची असेल तर दोन्ही बाजू मिळून चाकांमधील अंतर ५० मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ दोन इंचांनी वाढते. गाडी रुंद दिसते आणि टायर मडगार्डच्या कडेशी जुळून येतो. घरच्या घरी केलेल्या कामाचे समाधान मिळते ते वेगळेच.

या समाधानाची थट्टा करण्याचे कारण नाही. सुशिक्षित म्हणवणाऱ्या वर्गाने हाताला काळे लागू द्यायचे नाही, हा आपल्याकडील संकेत फार जुना आहे आणि त्याने आपले नुकसानच केले आहे. फियाट आणि अम्बॅसडरच्या काळात मालकाला निदान प्लग साफ करणे आणि फॅनबेल्ट बदलणे येत असे. ती गाडी वाटेत बंद पडणारच, या खात्रीने त्याला ते शिकवले होते. गाड्या विश्वासार्ह झाल्या तशी ही विद्या मागे पडली. आज एखादा पदवीधर स्वतः पाना हाती घेत असेल तर ते स्वागतार्हच मानले पाहिजे. प्रश्न आहे तो त्याच्या हाती आलेल्या वस्तूविषयी आणि ती बसवण्यासाठी लागणाऱ्या ज्ञानाविषयी. चित्रफितीत पाना दिसतो, मात्र हिशेब दिसत नाही.

चाकांमधील अंतर बदलणे ही कल्पना मुळातच चुकीची आहे असे नाही. आपल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर याचे रोजचे उदाहरण आहे. पिकाच्या ओळींमधील अंतरानुसार मागची चाके आत-बाहेर घेता यावीत, अशी रचनाच त्यात केलेली असते. पोर्शसारख्या कंपनीनेही आपल्या काही मोटारींना अशा चकत्या कारखान्यातून दिल्या होत्या. परंतु त्या ठिकाणी चकतीचा विचार गाडी आखतानाच झालेला असतो. बोल्ट त्या मापाचे असतात आणि बेअरिंगवर येणारा भार मोजलेला असतो. आपल्या आवारात घडते ते उलट. गाडी एका मापाने आखलेली, चकती दुसऱ्याच कोणी कापलेली आणि दोहोंची गाठ घालणारा तिसरा.

चाक हबला कशाने धरून ठेवले जाते, असे विचारले तर बहुतेक लोक बोल्टकडे बोट दाखवतील. उत्तर अर्धेच बरोबर आहे. खुंटीला टोपी अडकवावी तसे चाक बोल्टांवर अडकलेले नसते. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चाकाचा सपाट भाग हबच्या सपाट भागावर प्रचंड जोराने दाबला जातो. या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागच्या जागी ठेवते. १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट १०० न्यूटन मीटरच्या पिळाने आवळला, तर एकेका नटाचा दाब ढोबळमानाने चार टनांच्या घरात जातो. त्यासाठी बोल्ट किती ताणला जातो? मिलिमीटरच्या काही शतांशांनी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी.

या एका आकड्यात सारा धोका साठवलेला आहे. हबच्या तोंडावर गंजाचा, रंगाचा किंवा मातीचा कागदाएवढा जरी थर राहिला आणि गाडी चालू लागल्यावर तो चिरडून गेला, तर बोल्टचा ताण जवळजवळ संपतो. नट जागेवर दिसतो, परंतु दाब उरलेला नसतो. मग चाक सूक्ष्म हालचाल करू लागते आणि नट सैल होत जातात किंवा बोल्ट थकून तुटतात. चकती नसताना असा सांधा एकच असतो. चकती घातली की हब आणि चकती, चकती आणि चाक असे दोन सांधे होतात. म्हणून तारेच्या ब्रशने हब धातू दिसेपर्यंत घासणे हा या कामातील सर्वांत कंटाळवाणा भाग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर नट पुन्हा तपासावयाचे, हा नियमही याच कारणासाठी आहे. चित्रफितीत घासण्याचा भाग बहुधा भराभर पुढे सरकवलेला असतो, आणि शंभर किलोमीटरनंतरचा भाग तर कोणी चित्रितच करीत नाही.

पिळाच्या मोजमापाचेही तसेच. पाव मीटर लांबीच्या पान्याने १०० न्यूटन मीटर साधायचे तर टोकाशी सुमारे ४० किलो वजनाइतका जोर हवा. आपल्याकडील सर्वमान्य पद्धत म्हणजे पान्यावर उभे राहणे. सत्तर किलोचा माणूस पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी पीळ १७० च्या वर जातो, आणि खात्रीसाठी त्याने एक उडी मारली तर किती होतो ते सांगता येणार नाही. बोल्ट कायमचा ताणला जाऊन निकामी होण्याची ही हमखास वाट. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावल्याने ती आणखी जवळची होते, कारण घर्षण घटल्याने तेवढाच पीळ बोल्टला अधिक ताणतो. पीळ दाखवणारा टॉर्क रेंच नावाचा पाना बाजारात मिळतो आणि गाडीला हवा तो आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. कॅरम बोर्ड आणि मांडवाच्या कनाती सामाईक खर्चाने घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी असा एक पाना घेऊन ठेवला, तर कोणाची हरकत असू नये.

चकत्यांमध्येही दोन जाती आहेत. पातळ जातीच्या, तीन ते पाच मिलिमीटरच्या चकतीला स्वतःचे बोल्ट नसतात. गाडीचे मूळ बोल्ट तिच्यातून आरपार जातात. साहजिकच चकतीच्या जाडीइतके आटे नटाच्या वाट्याचे कमी होतात. नट निदान बोल्टच्या जाडीइतका चढला पाहिजे, हा यंत्रशाळेतील साधा नियम आहे. १२ मिलिमीटरचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरचा आटा असेल तर हे आठ पूर्ण फेरे झाले. पाच मिलिमीटरची चकती त्यांतून तीनहून अधिक फेरे काढून घेते. नट पाच फेऱ्यांत घट्ट बसला म्हणजे काम झाले असे हाताला वाटते, परंतु भार पेलणारे आटे उरलेले नसतात. येथे लांब बोल्ट बसवण्यावाचून गत्यंतर नाही. चकतीच्या खोक्यात ते असतातच असे नाही. ज्या गाडीला जशी लागेल तशी बसावी म्हणून काही चकत्यांना लांबट भोके पाडलेली असतात. सर्वांना बसणारी अशी वस्तू नेमकी कोणालाच बसत नाही.

जाड चकती मूळ बोल्टांवर एका संचाने आवळली जाते आणि तिच्या स्वतःच्या बोल्टांवर दुसऱ्या संचाने चाक आवळले जाते. चकतीच्या मधल्या भोकाने हबच्या उंचवट्याला नेमके धरावे आणि तिच्यावरही चाकाला धरणारा तसाच उंचवटा असावा, हे तिच्या चांगुलपणाचे पहिले लक्षण. कोपऱ्यावरच्या लेथवरून काढून आणलेल्या चकतीत नेमके तेच चुकते, आणि वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते. पण यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी, की आतला नटांचा संच चाकाच्या मागे झाकला जातो. वाटेत पंक्चर काढणारा माणूस बाहेरचे नट काढतो आणि बसवतो. आत दुसरे नट आहेत आणि ते सैल झाले आहेत, हे त्याला कळण्याची सोय नसते. ज्याने ते रविवारी आवळले त्याच्याखेरीज त्यांची माहिती कोणालाच नसते, आणि त्यालाही ती किती दिवस आठवेल हा प्रश्नच आहे.

सारे काही बिनचूक केले तरी किंमत द्यावी लागतेच. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरील तरफ वाढते आणि ते लवकर झिजते. स्टिअरिंगचा जो अक्ष जमिनीला टायरच्या मध्याजवळ ठरावीक जागी भेटावा अशी आखणी असते, ती बिघडते. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर एक चाक डांबरावर आणि दुसरे चिखलात हा प्रसंग नित्याचा. तेथे ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला अधिक ओढ घेते. आवारात रिकाम्या गाडीचा टायर मडगार्डला घासत नाही. तो घासतो गणपतीसाठी कोकणात जाताना, पाच माणसे आणि सामान भरल्यावर, घाटाच्या वळणावर. आणि चाक निखळले तर ते गाडीबरोबर राहत नाही. गाडीतल्यांना पोलादी सांगाड्याचा आणि पट्ट्याचा काही आसरा असतो, पण सुटलेल्या चाकापुढे सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलाला कशाचाच आसरा नसतो. म्हणून 'माझी गाडी, माझा प्रश्न' हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करू देत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कठोरपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम नव्या रूपात आणले आणि नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. शब्द कडक आहेत यात शंका नाही. पण कायद्याच्या पुस्तकात ही भाषा आणि बाजारात तीच चकती उघडपणे विक्रीस, हा विसंगतीचा संसार सुखाने चालू आहे. रस्त्यावरच्या पोलिसाला कर्कश हॉर्न ऐकू येतो आणि काळी काच दिसते. चाकामागची चकती त्याने कशी पाहावी?

बंदी घातली म्हणजे कर्तव्य संपले, ही आपल्या कारभाराची आवडती समजूत आहे. वास्तविक याच ५२ व्या कलमाने एक शहाणपणाचा मार्ग दाखवून ठेवला आहे. पेट्रोलच्या मोटारीत गॅसची टाकी बसवणे हा चकतीपेक्षा कितीतरी मोठा बदल. तरीही तो कायदेशीर आहे, कारण संचाला चाचणीनंतर मान्यता मिळालेली असते, तो अधिकृत कारागीर बसवतो, गाडीच्या नोंदणीपत्रात त्याची नोंद होते आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. जर्मनीत चकत्यांबाबत याच धर्तीची व्यवस्था आहे. तेथे प्रमाणपत्र असलेली चकतीच वापरावयाची आणि ती बसवल्यावर सामान्यतः तपासनीसाकडून गाडी तपासून घेऊन कागदपत्रांत नोंद करावयाची. हौस तेथेही आहे, आणि कदाचित आपल्यापेक्षा अधिकच आहे. फरक इतकाच की तिच्यामागे कोणी तरी मोजमाप केलेले असते.

असे मोजमाप करण्यास आपल्याकडे जागा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून उभी आहे आणि देशात बनणाऱ्या गाड्यांच्या चाचण्या तेथे होतात. अमुक गाडीला अमुक जाडीची चकती चालेल की नाही, याचा निवाडा करणे त्या संस्थेला अवघड जाऊ नये. ज्या गाड्यांना ती चालणार नाही त्यांना ती विकलीच जाऊ नये, ही पुढची पायरी. त्यासाठीही कायदा शोधावा लागत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने कळीचा म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेला सुटा भाग मानकाविना विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, हे १८२ अ याच कलमात लिहिलेले आहे. चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी वस्तू या वर्गात येते की नाही, याविषयी संदिग्धता राहता कामा नये. चुकीचे मालक शोधण्यासाठी लाखो चाके उतरवण्यापेक्षा मोजक्या विक्रेत्यांकडे प्रमाणपत्र मागणे परिवहन खात्याला निश्चितच सोपे आहे.

मान्यता मिळालेल्या चकतीची नोंद गाडीच्या पुस्तकात झाली, तर आज कोणाच्याच लक्षात न येणारे आणखी एक काम होईल. गाडी चार-पाच वर्षांत विकली जाते. ज्याने चकती बसवली तो दुसरी गाडी घेऊन मोकळा होतो आणि जुनी गाडी एखाद्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या दारी येते. चाकामागे नटांचा दुसरा संच आहे आणि तो चाक उतरवूनच तपासावा लागतो, हे त्या नव्या मालकाला त्या पुस्तकाखेरीज दुसरीकडून कळणार नाही.