गवंड्याला वर्गात बोलवा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी वाटणी ठरलेली असते. टक्के चांगले पडले तर सायन्स, कमी पडले तर आयटीआय. हाताचं काम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, हा समज आईवडिलांच्या मनात आहे तसाच शिक्षकांच्याही आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव सर्वांसाठीच सुचवला होता. आपण त्याचं काय केलं? वेळापत्रकातला एक तास आणि आदल्या रात्री आईने करून दिलेलं शोभेचं फूल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. चांगलंच आहे, पण दहा दिवसांत कामाची तोंडओळख होते, हात बसत नाही.

हात बसण्याची सोय पुणे जिल्ह्यातल्या पाबळला झाली. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी घडवलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाला एसएससी बोर्डाची मान्यता मिळाली. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हातात हत्यार. वर्कशॉप, ऊर्जा, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, सगळं सगळ्यांना. मुलीही वेल्डिंग करतात, मुलगेही स्वयंपाकघरात काम करतात. आणि केलेल्या वस्तूचा खर्च वहीत मांडावा लागतो: माल किती, वीज किती, मजुरी किती. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. आपलं काम कितीला पडलं हे चौदाव्या वर्षी कळलेलं मूल पुढे कुणाकडून सहज फसवलं जात नाही.

पायाची आखणी करताना गवंडी एका बाजूला तीन फुटांवर, दुसरीला चार फुटांवर खूण करतो आणि तिरकं माप पाच फूट भरलं की काटकोन बरोबर आला म्हणतो. हाच पायथागोरस आपली मुलं फळ्यावरून उतरवून घेतात. दोरी स्वतः धरलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही.

अशा गवंड्याला, वायरमनला, सुताराला शाळेत निदेशक म्हणून नेमा, वेळेवर मानधन द्या आणि हाताच्या कामाच्या या विषयाचे गुण दहावीच्या टक्क्यांत धरा. टक्क्यांत न धरलेला विषय आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. मानधन थकलं की निदेशक जातो, आणि मग वर्कशॉपला कुलूप लागतं.

पुढच्या पालक सभेला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना दोनच गोष्टी विचारा: वर्कशॉपची खोली कुठे आहे, आणि तिथे शिकवतं कोण?