तसबिरीबाहेरच्या प्रिया तेंडुलकर

वर्गात प्रिया तेंडुलकर (१९५४–२००२) यांचे नाव घेतले की विद्यार्थी विचारतात, ‘विजय तेंडुलकरांच्या कोण?’ हाच प्रश्न त्यांच्या आईवडिलांना केला, तर ते चटकन म्हणतील, ‘रजनी!’ दोन्ही प्रतिसाद स्वाभाविक आहेत. पण दोहोंत लेखिका कोठेच नाही. या विस्मरणात आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) जमीनदाराच्या मुलाची पत्नी, मग ‘गोंधळात गोंधळ’, ‘मुंबईचा फौजदार’ यांसारखे मराठी चित्रपट आणि १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ‘रजनी’, असा हा प्रवास. साडी नेसलेली एक साधी गृहिणी उद्दाम टॅक्सीवाल्याला, निगरगट्ट कारकुनाला जाब विचारते, एवढेच त्या मालिकेचे सूत्र. ते इतके झोंबले, की टॅक्सीचालकांनी निषेध केला. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, १९८६ साली. ज्या पुण्यात १९७४मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली, तेथील घराघरांत रजनी परकी वाटली नसल्यास नवल नाही.

रजनीचा सारा आग्रह एकच होता : दुसऱ्याची अडचण पाहून ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणत पुढे जाऊ नये. गंमत अशी, की याच अभिनेत्रीच्या एका कथासंग्रहाचे नाव ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ आहे! आम्हांस हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पडद्यावरचा प्रश्न अर्ध्या तासात सुटावा लागतो. कथेवर तशी सक्ती नसते. दुसऱ्या एका पुस्तकाचे नाव ‘जावे तिच्या वंशा’. रूढ म्हणीतला ‘त्याच्या’ बदलून तेथे ‘तिच्या’ आला, आणि एका अक्षराच्या फरकाने म्हणीचा रोख पालटला. स्त्रीवादी समीक्षा शिकवताना आम्ही उदाहरणे दूरदूरची शोधतो. हे मात्र ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहते.

नट-नट्यांच्या लेखनाकडे आपली समीक्षा संशयाने पाहते. प्रसिद्धीच्या बळावर पुस्तक निघाले, हा आक्षेप ठरलेला. तो काही वेळा खराही असतो. पण तो वाचनानंतर घ्यावयाचा आक्षेप आहे. वाचन टाळण्याची सबब नव्हे. आम्ही स्वतः कित्येक वर्षे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवले. स्त्रीला बोलू न देणाऱ्या समाजाविषयी तासन्‌तास बोललो. त्याच घरातली एक स्त्री लिहीत होती, याची दखल मात्र घेतली नाही.

१९९५ साली सुरू झालेल्या ‘हम पाँच’मध्ये प्रियाताईंनी दिवंगत पहिल्या पत्नीचे काम केले होते. ती भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलत असे. आज त्यांच्या बाबतीत आपण तसबीर तेवढी ठेवली आहे, बोलणे ऐकणे सोडले आहे. म्हणून येत्या सत्रात त्यांची एक कथा वर्गात वाचावी, असे आम्ही ठरवले आहे; ‘तेंडुलकरांची कन्या’ ही ओळख न देता. कथा उणी ठरली तर तसे स्पष्ट म्हणू. पण ते वाचून.