कीटकांची छायाचित्रे आणि फ्लॅशवरचा आक्षेप

पावसाळा सुरू झाला की देशभरातील निसर्गप्रेमी कीटकांची छायाचित्रे टिपू लागतात आणि त्याबरोबर एक जुना आक्षेपही डोके वर काढतो. फ्लॅश वापरून घेतलेले छायाचित्र कृत्रिम असते, शिवाय कीटकाला अपायकारक, असे सांगितले जाते. ‘केवळ नैसर्गिक प्रकाश’ हे बिरुद अभिमानाने मिरवले जाते. दिवसाच्या छायाचित्रणापुरता तरी हा आक्षेप भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

मुळात फ्लॅश लागतो कशासाठी? कीटकाची प्रतिमा संवेदकावर त्याच्या मूळ आकाराइतकी, म्हणजे १:१ प्रमाणात घ्यायची, तर भिंग इतके जवळ न्यावे लागते की अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवूनही फुल फ्रेम कॅमेऱ्यात सुमारे १.३ मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट येतो. अ‍ॅपर्चर आणखी लहान करावे, तर विवर्तन आडवे येते. या अंतरावर एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ सारखे वागते आणि प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सुमारे ०.०३ मिलिमीटर व्यासाच्या चकतीत पसरतो. दूरच्या दृश्याच्या तुलनेत संवेदकावर प्रकाशही चौथा हिस्साच पोहोचतो. त्यात वारा असतोच. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने डुलणाऱ्या पानावरचा मुंगळा १/२०० सेकंदात अर्धा मिलिमीटर सरकतो. त्याच्या शृंगिका पुसल्या जायला तेवढे पुरे. कमी शक्तीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी टिकतो. तेवढ्या वेळात पान सरकते ०.०१ मिलिमीटर.

आता अपायाचे. छायाचित्रणातील जुना ठोकताळा वापरून हिशेब मांडता येतो. आयएसओ २०० आणि एफ/११ वर १:१ छायाचित्रासाठी फ्लॅशने कीटकावर जितका प्रकाश टाकावा लागतो, तितका प्रकाश दुपारचे ऊन त्याला सुमारे १/१०० सेकंदात देते. झोताची तीव्रता त्या क्षणापुरती उन्हाच्या शंभरपट असते, हे खरेच. तो कीटकाला जाणवतो आणि एखादी माशी दचकून उडूनही जाते. परंतु भर उन्हात तासन्‌तास वावरणाऱ्या जिवाच्या डोळ्यांना त्याने इजा होईल, असे मानायला या आकड्यांत आधार नाही. ‘नैसर्गिक’ दिसणाऱ्या चित्रासाठी कीटकाला फ्रिजमध्ये गारठवून फुलावर मांडून ठेवणे मात्र उघड क्रौर्य आहे, आणि त्यात फ्लॅशचा काडीचाही संबंध नसतो.

या छायाचित्रांना आता सौंदर्यापलीकडचे मोल आले आहे. भारतात ६० हजारांहून अधिक कीटकजातींची नोंद आहे. त्या सर्वांचा मागोवा घेणे मोजक्या वर्गीकरणतज्ज्ञांच्या आवाक्याबाहेरचे आहे. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, आयनॅचरलिस्ट यांसारख्या मंचांवर विद्यार्थी आणि हौशी निरीक्षकांनी टाकलेली छायाचित्रे म्हणूनच नोंदी ठरतात. पंखांच्या शिरा आणि पायांवरचे काटे दिसले तरच जात ओळखता येते. धूसर, हललेले चित्र कितीही ‘नैसर्गिक’ असले, तरी तज्ज्ञाला त्यातून काही सांगता येत नाही.

फ्लॅशचे खरे दोष वेगळेच आहेत, आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने जवळचा कीटक उजळतो आणि मागची झाडी काळोखात बुडते. भर दुपारचा भुंगेरा निशाचर वाटू लागतो आणि तो कोणत्या झाडावर होता, ही माहितीही त्या काळोखात जाते. उघड्या फ्लॅशमुळे भुंगेऱ्याच्या आरशासारख्या पाठीवर पांढरे डाग पडतात. बटर पेपर किंवा दुधाच्या पिशवीच्या पांढऱ्या प्लास्टिकचा मोठा पडदा अगदी जवळ धरला की ते बरेचसे विरतात. ढगाळ दिवशी सावल्या मऊ पडतात, त्यामागेही हेच कारण: प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो, ते. रंगांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ग्रेट एगफ्लाय फुलपाखराच्या नराच्या पांढऱ्या ठिपक्यांभोवतीची निळी झाक रंगद्रव्याची नसून पंखांवरील खवल्यांच्या सूक्ष्म रचनेची आहे. ती प्रकाशाच्या कोनानुसार दिसते किंवा नाहीशी होते. एकाच फुलपाखराची फ्लॅशसह आणि फ्लॅशविना अशी दोन छायाचित्रे दोन निराळे रंग दाखवू शकतात. म्हणून नोंदीत फ्लॅशचा उल्लेख हवा, आणि शक्य तेथे दोन्ही छायाचित्रे हवीत.

रात्रीची गोष्ट मात्र वेगळी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उन्हाचा हिशेब लागू होत नाही. नेम साधण्यासाठी मिनिटभर पेटती ठेवलेली विजेरी तर फ्लॅशपेक्षाही त्रासदायक. तिच्याभोवती पतंग घिरट्या घालत राहतात. महाराष्ट्रातील भंडारदरा आणि पुरुषवाडी, तसेच तामिळनाडूतील अन्नामलाई येथे पावसाळ्याच्या तोंडाशी काजव्यांचे थवे लुकलुकतात. ती लुकलुक नर-मादीचा संवाद असते आणि बाहेरचा प्रकाश त्यात व्यत्यय आणतो. त्या छायाचित्राला फ्लॅश लागतही नाही. ट्रायपॉडवर कॅमेऱ्याचे शटर वीस-तीस सेकंद उघडे ठेवले की काजवे आपल्या प्रकाशानेच उमटतात. फ्लॅशबंदीचे फलक अशा ठिकाणी अवश्य लावावेत, आणि त्यांवर मोबाइलचे दिवे व गाड्यांचे हेडलाइटही न विसरता लिहावेत.