इंजेक्टर मोठा, तपासणी मात्र अपुरी
गाड्यांची ताकद वाढविण्याच्या हौसेत एका सुट्या भागाकडे दुर्लक्ष

प्रतिनिधी

मुळशी (जि. पुणे) - पौड, पिरंगुट ओलांडून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता शनिवार-रविवारी पुण्यातील हौशी वाहनचालकांनी गजबजलेला असतो. याच तालुक्यात अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही सरळ रेषेतील वेगाची स्पर्धा भरविली गेली आणि देशभरातील ‘ट्यून’ केलेल्या गाड्या तिथे धावल्या. कारखान्यातून आलेल्या गाडीची ताकद वाढवून घेण्याची हौस त्यामुळे पुणेकरांना नवी नाही. या हौसेचा क्रमही ठरून गेलेला आहे. आधी ईसीयूचे रिमॅपिंग, मग टर्बोचा दाब वाढविणे आणि त्यानंतर इंजेक्टर. पहिल्या दोन पायऱ्यांवर महिनोन्महिने चर्चा करणारा ग्राहक तिसऱ्या पायरीवर मात्र एकच प्रश्न विचारतो, ‘किती सीसीचा आहे?’ इंजिनाचे आयुष्य पणाला लागते ते नेमके याच ठिकाणी.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी एक सूक्ष्म झडप. मिनिटाला १०० टक्के उघडी ठेवल्यास तिच्यातून किती घनसेंटिमीटर इंधन जाईल, हा तिच्या क्षमतेचा आकडा. हा आकडा रूढ पद्धतीनुसार ३ बार दाबाला मोजतात. दाब वाढविला की प्रवाह वाढतो. पण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ३ बारऐवजी ४ बार दाब दिल्यास वाढ होते सुमारे १५ टक्क्यांची. साहजिकच ४ बारला मोजलेला ‘५०० सीसी’चा इंजेक्टर ३ बारला जेमतेम ४३० सीसीचा भरतो. विक्रेत्याने दाब सांगितला नसेल, तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. रांजणगावच्या प्रकल्पातून २०१५ मध्ये बाजारात आलेल्या अबार्थ पुंटोचे १.४ लिटरचे टी-जेट इंजिन १४५ अश्वशक्तीचे. ते २०० अश्वशक्तीपर्यंत न्यायचे असे ठरविले, तर टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागते या ढोबळ हिशेबाने पूर्ण जोरावर ताशी ५४ किलो, म्हणजे जवळपास ७३ लिटर पेट्रोल हवे. ते चार इंजेक्टरमध्ये विभागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला ३०० सीसीहून थोडे अधिक येते. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये हा पथ्याचा नियम. कारण त्यापुढे झडप तापते आणि तिची उघडझाप बेभरवशाची होते. तेव्हा गरज ठरते ३८० सीसीची.

इथेच इथेनॉलचा प्रश्न येतो. इथेनॉलला जळण्यासाठी तुलनेने कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, तर इथेनॉलला ९ भाग पुरतात. तेवढ्याच हवेसाठी २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन सात-आठ टक्के जास्त सोडावे लागते. ५ जून २०२१ रोजी पंतप्रधानांनी शंभर टक्के इथेनॉल विक्रीच्या प्रायोगिक प्रकल्पाची सुरुवात केली ती पुण्यातच, आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. वरच्या उदाहरणातील ३८० सीसी त्यामुळे ४१० पर्यंत जातात. जुन्या लेखांतून उतरवून घेतलेली कोष्टके आज तोकडी पडतात ती अशी.

मग थेट ८०० किंवा १००० सीसीचे इंजेक्टर बसवावेत, असा सल्ला हौशी वर्तुळात सर्रास मिळतो. तो महागात पडू शकतो. मोठा इंजेक्टर आयडलिंगला थेंबभरच इंधन नेमकेपणाने सोडू शकेल याची खात्री नसते. गाडी सिग्नलवर थरथरते, धूर सोडते, पेट्रोल पिते.

खरी परीक्षा दोन मिलिसेकंदांत

पुण्यातील अनेक गॅरेजमध्ये इंजेक्टर तपासण्याचे यंत्र आहे. उभ्या काचेच्या नळ्यांत चारही इंजेक्टरचे द्रव जमा होते, पातळी सारखी दिसली की ‘सेट जुळला’ असे सांगून पैसे घेतले जातात. ही चाचणी चुकीची नाही, अपुरी आहे. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून झडप प्रत्यक्ष उघडेपर्यंत थोडा वेळ जातो. जाणकार त्याला ‘डेड टाइम’ म्हणतात. तो साधारण एक मिलिसेकंद धरू. चारपैकी एका इंजेक्टरमध्ये हा वेळ ०.१ मिलिसेकंदाने जास्त असेल, तर १० मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात फरक पडतो जेमतेम एक टक्का. आयडलिंगच्या दोन मिलिसेकंदांच्या फवाऱ्यात मात्र तोच फरक दहा टक्के होतो. सतत उघड्या ठेवून केलेल्या चाचणीत हा दोष दिसणारच नाही. म्हणून दोन-तीन मिलिसेकंदांचे हजार फवारे मारून पुन्हा नळ्या पाहाव्या लागतात आणि डेड टाइम १२, १३ व १४ व्होल्टला वेगवेगळा मोजावा लागतो. बॅटरी उतरली की तो वाढतो. हे आकडे ईसीयूच्या नकाशात भरले नाहीत, तर उत्तम इंजेक्टरही वाईट ठरतो.

याखेरीज गळतीची चाचणी हवी, आणि तीच सर्वांत आधी करायला हवी. दाब कायम ठेवून झडप बंद असताना टोकाशी थेंब जमतो का, हे मिनिटभर पाहण्याचे काम. ते टाळले तर गाडी बंद असताना इंधन सिलिंडरमध्ये उतरते, किंवा रेलच्या बाजूच्या ओ-रिंगमधून गरम इंजिनावर. दुसऱ्या प्रकाराचा शेवट आगीत होऊ शकतो. मल्टिमीटरने रोध मोजणे तर दोन मिनिटांचे काम. १२ ते १६ ओहमच्या जागी दोन-तीन ओहमचा इंजेक्टर लावल्यास ईसीयूचा चालक-सर्किट जळू शकतो, तरीही ही तपासणी अनेकदा राहून जाते.

चारपैकी एकच इंजेक्टर कमी सोडत असेल, तर धोका सर्वाधिक. एक्झॉस्टमधला सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी सांगतो. तीन सिलिंडरमध्ये जास्त व एकात कमी इंधन असले, तरी पडद्यावरचा आकडा निर्दोष दिसतो. ताम्हिणीच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो पूर्ण दाबावर असताना तो एक सिलिंडर नॉक करू लागतो आणि पिस्टनला भोक पडते. पावसाळ्यात मुळशीची दमट हवा आणि पाणी शोषून घेणारे इथेनॉल यांमुळे आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत इंजेक्टर गंजण्याचा आणि चिकटण्याचा धोका आणखी वाढतो.

थेट इंजेक्शनची वेगळी गोष्ट

चाकणमधून बाहेर पडलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांचे गणित निराळे. त्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये, शंभराहून अधिक बार दाबाने जाते. काही बारवर चालणाऱ्या गॅरेजमधल्या काचेच्या यंत्रावर ते तपासून काही हाती लागत नाही. असा इंजेक्टर काढला की टोकाची टेफ्लॉन सीलही बदलावी लागते, तीही योग्य साधनाने. हे माहीत नसताना ‘सर्व्हिस’ करून देणारे कमी नाहीत.

विसंगती अशी की देशातील वाहन-चाचणीची महत्त्वाची संस्था, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. सीएनजी किटसाठी तिच्यासारख्या संस्थांची मान्यता आणि आरसी बुकातील नोंद अशी सरळ वाट आहे. कामगिरी वाढविणाऱ्या इंजेक्टरसाठी तशी वाट रूढ नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या मनाईचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. परिणामी ग्राहक गुपचूप काम करून घेतो, बिल मागत नाही, आणि चाचणीचा कागद तर नाहीच नाही. पीयूसी केंद्रात गाडी उभी असताना तपासली जाते. चढावर काय होते ते तिथे कळत नाही.

सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्यामुळे इंजेक्टर बसविल्यानंतरची अखेरची परीक्षा डायनोवर, प्रत्येक सिलिंडरचे प्लग काढून रंग ताडून पाहत, किंवा बंदिस्त धावपट्टीवर व्हायला हवी. तरीही पुष्कळदा ती होते घाटात, शेजारच्या आसनावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या ट्यूनरच्या भरवशावर आणि समोरून वळणावर एसटी येत असताना.